उतरतानाचा नमस्कार

मोरवण्याच्या सरकारी दवाखान्यात खुर्ची आली तेव्हा तिला हार घालून, नारळ फोडून आत घेतलं होतं. नारळ फोडणाऱ्या आमदारांनी हौसेने तिच्यावर बसून फोटो काढून घेतला, आणि पडद्यावर शून्य उमटलं तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं. इथे शून्य म्हणजे उत्तम, हे दवाखान्यातल्या वृषाली जगदाळेला त्यांच्या कानात सांगावं लागलं. मग ते पुन्हा हसले आणि आणखी एक फोटो निघाला.

खुर्चीचं सरकारी नाव बोजड होतं आणि ते फक्त तिच्या पाठीवरच्या पत्र्यावर राहिलं. सगळे तिला खुर्चीच म्हणत. ती कशासाठी होती ते मात्र नीट सांगायला हवं.

अर्धांगाचा झटका म्हटलं की आपल्याला वाकडं तोंड, लुळा हात आणि अडखळणारी जीभ आठवते. डॉक्टरांनाही वर्षानुवर्षं तेच आठवत होतं. झटका किती मोठा हे ठरवायची त्यांची मोजपट्टी त्याच गोष्टी मोजायची. हात उचला, पाय उचला, हे चित्र कशाचं ते सांगा. ही बरीचशी कामं मेंदूच्या पुढच्या भागाची. पण मेंदूला मागूनही रक्त जातं. मानेच्या मणक्यांतून दोन रक्तवाहिन्या वर चढतात, कवटीत शिरल्यावर त्यांची एक होते, आणि त्या एकीवर लहान मेंदू आणि मेंदूचा देठ जगतात. तोल सांभाळणं, गिळणं, खोकणं, नजर एका जागी ठेवणं, जागं राहणं, एवढंच काय श्वास घेणंसुद्धा तिथून चालतं. तिथे गुठळी अडकली तरी सुरुवातीला माणूस हात उचलतो, पाय उचलतो, चित्रही ओळखतो. फक्त बसवलं की कलंडतो. आणि बसवून बघायचं कोणाच्या डोक्यात यायचं नाही, कारण सगळी तपासणी आडवं झोपवून व्हायची. गुण यायचे एक किंवा दोन, पित्त झालंय म्हणून गोळी मिळायची, आणि माणूस घरी जाऊन संपायचा.

मोजपट्टीची ही चूक कळल्यावर आधी तिच्यात खोकला, गिळणं आणि बसल्यावरचा तोल यांचे गुण धरले जाऊ लागले. मग ते माणसाच्या अंदाजावर सोडायला नको म्हणून खुर्ची आली. तिच्या बैठकीखाली आणि पावलं ठेवायच्या पाटीखाली दाब मोजणाऱ्या चकत्या होत्या, समोरच्या खांबावर डोळ्यांची थरथर टिपणारा कॅमेरा, गळ्याला लावायची एक पट्टी. दोन-तीन मिनिटांत आकडा यायचा. दहाच्या वर गेला की पुण्याच्या केंद्रातून हेलिकॉप्टर निघायचं, तिथे जांघेतून तार घालून मेंदूतली गुठळी ओढून काढायचे. दहाच्या खाली असला की इथेच झोपून राहायचं, आणि अर्ध्या तासाने पुन्हा बसून बघायचं. घाटातल्या गावांत या खुर्चीने कितीतरी माणसं परत आणली होती. तिला नावं ठेवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

पण आकड्यावर हेलिकॉप्टर मिळतं म्हटल्यावर माणसं गप्प बसतील, तर ती माणसं कसली? कानाच्या दुखण्याने चक्कर आलेल्यांना घरचे लोक वाटेतच शिकवून आणू लागले, की बसवल्यावर डावीकडे झोक जाऊ द्या, प्यायला दिलेलं पाणी बाहेर येऊ द्या. कसं डुलायचं याचे व्हिडिओ निघाले. एकदा असा एक डुलणारा हेलिकॉप्टरने गेला आणि खरी आजारी बाई खाली राहून गेली. मग खुर्चीला खोटं ओळखायला शिकवलं गेलं. ज्याचा तोल खरंच जातो त्याचं शरीर आधी पडतं आणि मग सावरायला धावतं, तेही उशिरा आणि वेडंवाकडं. जो सोंग करतो त्याच्या मांड्या आणि पायांचे अंगठे पडण्याच्या आधीच तयारीला लागतात. ही तयारी डोळ्यांना दिसत नाही, चकत्यांना कळते. ती कळली की पडद्यावर तांबड्या अक्षरांत ‘बनाव’ उमटायचं आणि पुढचे चार तास खुर्ची त्या माणसाला ओळख द्यायची नाही, आकडाच दाखवायची नाही. कडक होतं, पण त्यानंतर सोंगं थांबली.

वृषाली ही खुर्ची चालवायची. बसा, समोर बघा, हात मांडीवर ठेवा, खोका, घोट घ्या. यापलीकडे रुग्णाशी एक शब्द बोलायचा नाही, असा नियम होता आणि तो तिने कसोशीने पाळला होता. स्वतःच्या चुलत्यालाही तिने तेवढ्याच पाच वाक्यांत बसवून उठवलं होतं. त्यावरून घरात आठ दिवस अबोला झाला, तरी तिने माघार घेतली नाही.

ही शिस्त तिला दवाखान्याने लावलेली नव्हती. ती आबा ढाण्यांची होती.

शिवराम ढाणे, म्हणजे आबा, मोरवण्यात मल्लखांब शिकवायचे. गावाच्या खालच्या अंगाला मारुतीच्या देवळामागे पत्र्याचं छप्पर, तांबडी माती, आणि मधोमध एरंडेल पिऊन काळा पडलेला सागवानी खांब. वृषाली नऊ वर्षांची असताना दारात उभी राहून बघायची. मुलींना तिथे घेत नसत. आबांनी तिला महिनाभर नुसतं बघू दिलं आणि एक दिवस म्हणाले, की बघून झालं असलं तर चपला काढ. त्यावर गावात बरीच कुजबुज झाली, आबांनी ती कानाआड केली. तिच्या वडिलांनी जेवढं प्रेम केलं नाही तेवढं आबांनी तिला रागावण्यातून केलं, असं ती म्हणायची.

आखाड्यात बोलणं कमी आणि रिवाज फार. चढण्याआधी खांबाला उजव्या हाताने स्पर्श करायचा आणि तो हात कपाळाला लावायचा. आपल्या मनाने खाली उतरलात तर उतरताना पुन्हा तसाच नमस्कार. पण हात सुटून पडलात तर नमस्कार नाही. पडलेल्याने माती झटकायची, पुन्हा चढायचं, नीट उतरायचं, आणि मगच हात कपाळाला. ‘खांब आपल्याला पाडतो तेव्हा त्याचे आभार कशाला मानायचे,’ असं आबा सांगत. स्वतः आबा मात्र कधी पडलेले कोणाला ठाऊक नव्हते. सत्तरी ओलांडल्यावरही ते खांबाच्या टोकाशी असलेल्या गोल बोंडावर एका पायावर उभे राहून मुलांना खालचे दोष दाखवत. ‘उतरलोय लाखदा, पडलो न्हाय,’ हे त्यांचं पालुपद होतं, आणि सरूकाकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ते ऐकलं की कपाळावर हात मारत.

आणखी एक रिवाज होता. चक्कर आली, डोकं जड झालं, की दोरीच्या मल्लखांबाला पायांची अढी घालून उलटं लटकायचं. डोक्यात रक्त उतरलं की माणूस ताजातवाना होतो, असं तिथे सगळे मानत. वृषालीही मानायची.

त्या दिवशी सकाळी सरूकाकी आबांना रिक्षातून घेऊन आल्या. आबा स्वतःच्या पायांनी आत आले, फक्त भिंतीच्या अंगाने. डॉक्टर शबाना मुजावर यांनी विचारलं तेव्हा ते काहीच झालेलं नाही म्हणाले. खरं ते काकींनी सांगितलं. चारेक दिवस मधूनमधून त्यांना घेरी येत होती. एका वस्तूच्या दोन दिसत होत्या.

“आणि सकाळधरनं घोट खाली उतरंना,” काकी म्हणाल्या. “च्या पितात आणि ठसका लागतोय. मी म्हटलं चला दवाखान्यात, तर आधी दोरीला जाऊन उलटे लटकले. खाली आले ते म्हणतात, बघ, झालो का न्हाय बरा? चार दिवस ह्येच चाललंय.”

वृषालीने शिकलेलं सगळं एकदम जुळून आलं. मागची रक्तवाहिनी अरुंद होत होत बंद व्हायला येते तेव्हा त्यातून रक्त जेमतेम चढतं. माणूस उभा असला की ते चढ चढून जावं लागतं आणि मागचा मेंदू उपाशी राहतो. उलटं लटकलं की तेच रक्त उतारावरून वाहत येतं, थोडा वेळ भूक भागते, आणि माणसाला खरंच बरं वाटतं. आबांचा उपाय खोटा नव्हता. चार दिवस तो लागू पडत होता, आणि म्हणूनच चार दिवस कोणी त्यांना इथे आणलं नाही. आताही ते लटकून ताजे होऊन आले होते. खुर्चीच्या कोणत्याही चकतीला हे कळणार नव्हतं.

तिने त्यांना बसवलं. बसा, समोर बघा. आबांनी नजर कॅमेऱ्याच्या भिंगावर लावली ती तिथेच ठेवली. साठ वर्षं बोंडावर उभं राहताना त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या एका खुणेला नजर बांधली होती, तशीच. डोळ्यांची थरथर होती, पण थोडी. खोकला दुबळा होता. घोट घेताना ठसका लागला. तोल मात्र जागच्या जागी, दगडासारखा. वृषालीने खाली बघितलं तर आबांनी कॅमेऱ्याचा खांब दोन्ही मांड्यांत घट्ट धरला होता. ते खुर्चीत बसलेच नव्हते, त्यांनी तिला अढी घातली होती.

आकडा आला पाच.

डॉक्टर मुजावरांनी वृषालीचं सगळं ऐकून घेतलं. त्या तरुण होत्या, पण ऐकून घेणाऱ्यांतल्या होत्या. तू म्हणतेस ते पटतंय, त्या म्हणाल्या. पण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आबांना देता येत नव्हतं, महिन्यापूर्वीच त्यांच्या पोटातल्या जखमेतून रक्त गेलं होतं. तार घालायची सोय फक्त पुण्यात, आणि पुण्याचं दार उघडतं ते खुर्चीच्या आकड्याने. रस्त्याने न्यायचं तर घाटात दरड पडलेली, वळसा घालून अर्धा दिवस. आडवं ठेवू, अर्ध्या तासाने परत बसवू, लटकण्याचा असर उतरेल तसा आकडा चढेल, असं त्यांनी समजावलं. दहाच्या वर गेला की मी क्षणभर थांबणार नाही, असंही म्हणाल्या. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वृषालीने मान हलवली.

पण तो अर्धा तास तिच्याने निभेना. ती दर थोड्या वेळाने आबांच्या खाटेशी जायची. त्यांचे शब्द जाड होत चालल्यासारखे वाटायचे, मग वाटायचं की आपल्यालाच भास होतोय. भिंतीवरच्या पडद्यावर हेलिकॉप्टर कुठे आहे ते दिसत होतं. ते मोकळं होतं, आणि महाडच्या बाजूला कोणाची तरी तपासणी चालू असल्याची खूण लुकलुकत होती. तिथला आकडा आधी चढला तर ते तिकडे जाणार. काकींनी तिचा हात धरून विचारलं, की ती खुर्ची तुझीच हाय न्हवं? तू म्हणशील तसं सांगंल की. वृषालीने हात सोडवून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या पाच वाक्यांचा राग आला.

दुसऱ्यांदा बसवताना तिने आबांचे गुडघे खांबापासून दूर करून ठेवले. एवढं नियमात बसत होतं. तरी त्यांच्या पायांच्या अंगठ्यांनी पाटी पकडलेली तिला दिसली. पाठ ताठ, नजर भिंगावर. आकडा चढायला लागला, सहा, सात, आणि सातावर अडकून राहिला. तिला वाटलं, आजार आतून ढकलतोय आणि हा माणूस नुसत्या हट्टाने त्याला धरून बसलाय. हट्ट सोडला तर आकडा आपोआप दहा पार करील. गळ्याची पट्टी सारखी करायच्या निमित्ताने ती वाकली.

“आबा,” ती त्यांच्या कानाशी म्हणाली, “पडा.”

आबांनी नजर काढली नाही. ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले, “खुळी का काय तू.”

“धरून ठेवू नका. सोडून द्या. तुम्ही पडल्याशिवाय हे लोक तुम्हाला नेणार नाहीत. माझ्यासाठी पडा.”

आबांनी डोळे भिंगावरून काढून तिच्याकडे वळवले. त्यांत राग नव्हता. लहानपणी ती पहिल्यांदा बोंडावर उभी राहिली आणि घाबरून रडायला लागली तेव्हा त्यांनी तिच्याकडे असंच बघितलं होतं. त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, समोरच्या खांबाला लागला, तिथून वर सरकला. आधार शोधतायत, असं तिला वाटलं. मग ते डावीकडे कलंडले आणि खुर्चीच्या कमरेच्या पट्ट्यात लोंबकळले. दारातून काकींनी हंबरडा फोडला. वृषालीने त्यांना मिठीत धरलं आणि पडद्याकडे बघितलं.

पडद्यावर तांबडी अक्षरं होती.

डॉक्टर मुजावर धावत आल्या. त्यांनी पुण्याच्या केंद्राला फोन लावला, आधी विनवणी केली, मग आवाज चढवला. तिथल्या डॉक्टरांनी आलेख समोर घेऊन शांतपणे सांगितलं, की मांड्यांची हालचाल पडण्याच्या आधीची आहे, अंगठे आधी सुटलेत, इतका स्वच्छ बनाव आम्ही शिकवताना दाखवायला ठेवतो. आजार नाही असं मी म्हणत नाही. पण महाडला एका बाईंचा आकडा चौदा आलाय आणि हेलिकॉप्टर एकच आहे. डॉक्टर मुजावरांनी फोन ठेवला आणि साधी रुग्णवाहिका तयार करायला सांगितली, वळशाच्या रस्त्याने का होईना.

रुग्णवाहिकेत चढवण्याआधीच आबांचा श्वास घोगरा झाला. बोलणं बंद पडलं. मग एक हात गेला, पाठोपाठ दुसरा, दोन्ही पाय. घरातले दिवे एकेका खोलीतून मालवत जावेत तसं ते झालं, आणि काकी प्रत्येक खोलीच्या दाराशी जाऊन हाका मारत होत्या. श्वासासाठी नळी घालावी लागली. आता पुण्याला पटवायची गरज उरली नव्हती, पण हेलिकॉप्टर महाडहून पुण्याला जाऊन परत यायला दुपार टळली. गुठळी निघाली. ती फार सुंदर निघाली, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, पण तोवर देठाचा पुढचा भाग मेला होता. महाडच्या बाई आठवड्याने चालत घरी गेल्या. हेही इथे सांगायला हवं, कारण वृषालीने ते मुद्दाम शोधून काढलं होतं आणि त्याने तिला जराही बरं वाटलं नव्हतं.

आबांचा जीव वाचला. ऐकू येत होतं, कळत होतं, आठवत होतं. हलत होते फक्त डोळे, तेही वर आणि खाली. डोळे वर-खाली नेणाऱ्या तारा देठात जरा उंचावरून जातात, त्या तेवढ्या वाचल्या.

चौकशी झाली. खुर्चीचा कॅमेरा सगळं टिपून ठेवायचा, आवाज मात्र फक्त खोकल्यापुरता घ्यायचा. तीन जणांच्या समितीने वृषालीला समोर बसवून ते चित्रण पुन्हापुन्हा बघितलं. ती वाकते, पट्टी सारखी करते, रुग्ण कलंडतो. कर्मचाऱ्याने नियमाप्रमाणे काम केलं, असा निर्वाळा मिळाला. समितीतल्या एकांनी तिच्या संयमाचं कौतुकही केलं. बाहेर आल्यावर डॉक्टर मुजावर म्हणाल्या, तिसऱ्या वेळी बसवता आलं असतं तर, आणि पुढचं त्यांनी गिळलं.

बनाव ठरून खुर्ची चार तास बंद झाली नसती, तर तिसऱ्या वेळी आकडा दहाच्या कितीतरी वर गेला असता, हे त्यांना माहीत होतं आणि वृषालीलाही.

पण समितीने जे बघितलं नाही ते तिने बघितलं होतं. चित्रणात आबांचा हात उचलला जातो. तो खांबाला चाचपडत नाही. बोटं जुळलेली आहेत. खांबाला एकदाच टेकतो, तिथून सरळ वर जातो, कपाळाला लागतो, आणि मग आबा कलंडतात. समितीतल्या कोणाला तो हात म्हणजे काहीच नव्हता, आजारी माणसाची धडपड. त्या खोलीत तो वाचता येणारी ती एकटीच होती. आबांनी नमस्कार केला होता. पडणारा नमस्कार करत नाही. आबा तिच्या सांगण्यावरून, आपल्या मनाने, नीट उतरले होते. खुर्ची खोटं बोलली नव्हती.

हे कोणाला सांगावं? ती पंधरा दिवस जेवली-झोपली नाही असं म्हटलं तरी चालेल. आईने विचारलं, तिने सांगितलं नाही. काकींच्या समोर जायची तिची छाती होत नव्हती, कारण काकी भेटेल त्याला सांगत होत्या, की आमच्या वृषालीने शेवटपर्यंत धरून ठेवलं त्यांना. शेवटी एका रविवारी ती गेली. काकींना सगळं सांगायचं आणि पाय धरायचे, असं ठरवून गेली. पण आधी आबांना विचारायचं होतं. त्यांच्या तोंडून, म्हणजे डोळ्यांतून, ऐकल्याशिवाय तिला ते खरं मानता येत नव्हतं. आणि ते नाही म्हणतील अशी तिला आशाही होती. माणसाच्या मनात आशा असतेच, ती कितीही लाजिरवाणी असो.

आबांची खाट दाराशी लावली होती, तिथून आखाड्यातला खांब दिसायचा. पोरांनी तो अजून एरंडेल लावून ठेवला होता, पण चढत कोणी नव्हतं. काकींनी तिला चहा विचारला आणि आबांच्या नळीतून द्यायची पेज गाळायला आत गेल्या. स्वयंपाकघर दोन हातांवर. वृषाली खाटेच्या दाराकडच्या कडेला, त्यांच्या नजरेसमोर टेकली. वर बघितलं की हो, खाली बघितलं की नाही, एवढंच बोलणं उरलं होतं.

आधी तिने पेजेचं विचारलं, उकाड्याचं विचारलं. आबा उत्तरं देत होते. मग तिने त्यांचा निर्जीव उजवा हात आपल्या हातांत घेतला.

“आबा, मी ते चित्रण बघितलं. तुमचा हात बघितला. तुम्ही उतरलात ना? मी पडा म्हणाले म्हणून?”

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांची नजर तिच्या खांद्यावरून दाराबाहेर गेली आणि खांबावर जाऊन बसली. बराच वेळ ती तिथेच होती. एरवी नजर बांधली की त्यांचा तोल पक्का असायचा. आतून भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे काकीही ऐकत होत्या.

आबांचे डोळे खाली गेले.

“नाही?” ती म्हणाली. “खरंच पडलात?”

डोळे वर गेले, आणि तिची खात्री पटेपर्यंत वरच राहिले.

तिला माहीत होतं की हे खोटं आहे, आणि तिला माहीत आहे हे आबांना माहीत होतं. उभ्या जन्मात त्यांनी तिच्याशी एकदाही खोटं बोललेलं तिला आठवत नव्हतं. कौतुक करायच्या वेळीसुद्धा ते हातचं राखूनच करायचे. आणि आता, उरलेल्या एवढ्याशा बोलण्यातून, त्यांनी पहिलं खोटं तिच्यासाठी खर्च केलं होतं. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं. आबांच्या समोर रडायची सवय नव्हती, म्हणून तिने त्यांच्या हाताची जुळत नसलेली बोटं नीट करून चादरीवर ठेवली.

काकी हात पुसत दारात आल्या. त्यांचा चेहरा कोरडा होता.

“काय म्हणतात?” त्यांनी विचारलं.

वृषाली जे सांगायला आली होती ते तिच्या ओठांवर होतं. तिने आबांकडे बघितलं. ते तिच्याकडेच बघत होते, बोंडावर उभ्या राहिलेल्या पोरीकडे बघावं तसे. ते सांगितलं असतं तर तिचं ओझं हलकं झालं असतं, आणि त्यांनी दिलेलं तिने त्यांच्या तोंडावर फेकल्यासारखं झालं असतं.

“पडले म्हणतात, काकी,” ती म्हणाली. “खांबावरनं कधी पडले नव्हते. खुर्चीतनं पडले.”

काकींनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने त्या पेजेचं भांडं घेऊन आल्या आणि वृषालीने नळी धरली.